कोलरिजची अफू आणि त्याचे मित्र

मृत मनुष्याविषयीं वाईट बोलूं नये, हा संकेत आपल्याकडे आहे तसाच तो युरोपांतहि आहे. सामान्य मनुष्याच्या बाबतींत तो पाळणें कठीण नसतें. त्याचे दोष त्याच्या घरच्यांपलीकडे फारसे कोणास ठाऊकच नसतात. परंतु ज्याचें नांव हजारों लोकांच्या तोंडीं आहे, अशा पुरुषाच्या मरणानंतर त्याचें एखादें लपलेलें व्यसन बाहेर पडलें म्हणजे समाजाची मोठी तारांबळ उडते. कोणी सांगणाऱ्यास दोष देतो, कोणी मृतास. कोणी ती गोष्टच खोटी म्हणून मोकळा होतो. ज्या पदार्थामुळें हें सर्व घडलें, त्याकडे मात्र क्वचितच कोणाची नजर जाते. या प्रकाराचें एक अत्यंत बोधप्रद उदाहरण इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांत आहे. कवि सॅम्युएल टेलर कोलरिज याच्या अफूच्या व्यसनाची वार्ता त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली, तेव्हां इंग्लंडांतील सुशिक्षित वर्गांत जो वाद माजला, त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोलरिजचा जन्म १७७२ सालीं डेव्हनशायर परगण्यांत झाला. वर्ड्‌स्वर्थ व तो या दोघांच्या कवितांचा ‘लिरिकल बॅलड्स’ हा संग्रह १७९८ मध्यें निघाला आणि त्यानें इंग्रजी कवितेस नवें वळण लावलें, हें आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांस सांगावयास नकोच. आयुष्याचीं शेवटचीं १८ वर्षें तो लंडननजीक हायगेट येथें जेम्स गिलमन नांवाच्या डॉक्टरच्या घरीं राहिला. त्याचें भाषण ऐकण्यासाठीं तरुण पंडित व धर्मोपदेशक तेथें मोठ्या भक्तीनें जात. २५ जुलै १८३४ रोजीं तो वारला, तेव्हां शोक करणाऱ्या बहुतेकांच्या मनांत जी मूर्ति होती, ती एका वृद्ध, भाविक व अगाध विद्वान् तत्त्ववेत्त्याची होती. हा तत्त्ववेत्ता इतकीं वर्षें एका डॉक्टरच्या घरीं कां राहिला, हें निकटच्या मंडळींसच ठाऊक होतें.

येथें त्या काळच्या इंग्लंडांतील परिस्थिति थोडी समजून घेतली पाहिजे. अफू हा तेथें चोरूनमारून मिळविण्याचा पदार्थ नव्हता. अफूचा मद्यार्कांत काढलेला अर्क ‘लॉडॅनम’ या नांवानें औषधविक्रेत्यांकडेच नव्हे, तर किराणा मालाच्या दुकानांतहि मिळे. त्यास डॉक्टरची चिठ्ठी लागत नसे. खोकला, हगवण, दातदुखी, निद्रानाश अशा नाना दुखण्यांवर लोक त्याचे थेंब घेत. रडणाऱ्या तान्ह्या मुलांसाठीं ‘गॉडफ्रेज कॉर्डिअल’ नांवाचें अफूमिश्रित गोड औषध होतें. आपल्याकडे कष्टकरी आया कामावर जातांना मुलांस अफूची बाळागोळी देत, त्याच जातीचा तो प्रकार. माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनकडे जाई. इंग्लंडांत येणारी अफू बहुतेक तुर्कस्थानची असे. तिच्या विक्रीस तेथें कायद्याचें बंधन पडलें तें १८६८ च्या औषधविक्रीच्या कायद्यानें, म्हणजे कोलरिजच्या मृत्यूनंतर ३४ वर्षांनीं. तात्पर्य, ज्या घरांतून कोलरिजच्या व्यसनाची चर्चा झाली, त्यांतील पुष्कळ घरांत तीच बाटली औषधांच्या फळीवर उभी होती.

कोलरिजच्या पत्रांत अफूचा उल्लेख १७९६ मध्यें येतो. १८०० सालीं तो उत्तरेकडे केझिक येथें राहावयास गेला. तेथील ओलसर थंडींत त्याचे गुडघे सुजले, तो अंथरुणास खिळला, आणि एका वैद्यकीय नियतकालिकांत वाचलेल्या उपायावरून आपण अफूचा आश्रय घेतला, असें तो पुढें सांगत असे. प्रथम वेदना जादूनें जाव्या तशा गेल्या. परंतु अफूचा धर्म असा आहे कीं, शरीर तिच्या मात्रेस सरावतें आणि तोच परिणाम होण्यास मात्रा वाढवावी लागते; ती एकाएकीं थांबविली तर घाम, पोटांत कळा, हगवण व भयंकर बेचैनी सुरू होते. हीं लक्षणें अफू तुटल्याचीं आहेत, हें त्या काळीं नीट उमगलें नव्हतें. जुनें दुखणें उलटलें असें समजून रोगी पुन्हां बाटलीकडे वळे. लॉडॅनममध्यें मद्यार्क असल्यामुळें दुसराहि एक पाश गळ्यांत पडे. १८१४ च्या सुमारास ब्रिस्टल येथें कोलरिज आठवड्यास दोन क्वार्ट, म्हणजे सुमारें दोन लिटर, लॉडॅनम घेत होता आणि कधीं त्याहूनहि अधिक, असें त्याचा जुना प्रकाशक जोसेफ कॉटल यानें लिहून ठेविलें आहे. आपण औषधाच्या दुकानांत शिरूं लागलों तर बळानें अडवावें, म्हणून त्यानें पैसे देऊन माणसें ठेविलीं होतीं, असें डी क्विन्सी सांगतो.

१८१६ च्या एप्रिलांत तो गिलमनच्या घरीं गेला, तो यांतून सुटका व्हावी म्हणूनच. डॉक्टरच्या देखरेखीखालीं मात्रा पुष्कळ उतरली. सर्वस्वी सुटली मात्र नाहीं. हायगेटच्या औषधविक्रेत्याकडून तो गुपचूप अर्क मिळवीत असे. त्याच वर्षीं ‘कुब्ला खान’ ही कविता छापतांना त्यानें प्रस्तावनेंत एवढेंच सांगितलें कीं, किंचित् प्रकृति बिघडल्यामुळें घेतलेल्या एका वेदनाशामक औषधानें आपणांस झोप लागली व त्या झोपेंत ही कविता सुचली. १९३४ सालीं त्याच कवितेचें त्याच्या हातचें हस्तलिखित लोकांपुढें आलें. त्यावरील टिपणांत हगवण थांबविण्यासाठीं दोन ग्रेन अफू घेतल्याचें स्वच्छ लिहिलेलें आहे. जो शब्द छापण्यास त्याची लेखणी धजली नाहीं, तो त्याच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आंतच एका मासिकाच्या पानांवर सर्वांनीं वाचला.

तें मासिक एडिंबरोचें ‘टेट्स मॅगझीन’. सप्टेंबर १८३४ ते जानेवारी १८३५ या काळांत त्यांत थॉमस डी क्विन्सीचे कोलरिजवरील चार लेख आले. त्यांत कोलरिजच्या अलौकिक बुद्धीची मुक्तकंठानें स्तुति होती. पण त्याबरोबरच त्यानें जर्मन तत्त्वज्ञ शेलिंगच्या ग्रंथांतून न सांगतां केलेली उचल, त्याच्या संसारांतील असमाधान आणि त्याची अफू, या तीनहि गोष्टी होत्या. अफूसंबंधीं तर डी क्विन्सीनें असें लिहिलें कीं, कोलरिजची प्रकृति मुळांत उत्तम होती आणि त्यानें अफू सुरू केली ती वेदना शमविण्यासाठीं नव्हे, तर सुखाच्या हौसेनें. हें लिहिणारा कोण होता, हें वाचकांस ठाऊक होतें. १८२१ मध्यें स्वतःच्या अफूबाजीचा कबुलीजबाब मासिकांत छापून तो प्रसिद्धीस आला होता. त्यांस ठाऊक नसलेली गोष्ट निराळीच होती. १८०७ सालीं कोलरिज पैशांच्या अडचणींत असतां याच डी क्विन्सीनें कॉटलच्या हातून, आपलें नांव न कळवितां, त्यास ३०० पौंड दिले होते. १८३४ पर्यंत तो स्वतः कर्जानें गांजून गेला होता व मासिकांच्या मोबदल्यावर कुटुंब पोशीत होता. म्हणजे हा कोणी वैरी नव्हे. पूर्वीचा भक्त व उपकारकर्ता होता. मित्राच्या गुपितांवर त्यानें द्रव्य मिळविलें, हेंहि तितकेंच खरें.

लेख प्रसिद्ध होतांच कोलरिजच्या मित्रमंडळांत संतापाची लाट उसळली. राजकवि रॉबर्ट साउदी हा कोलरिजचा साडू. कोलरिजची बायकामुलें कित्येक वर्षें त्याच्याच घरीं वाढलीं होतीं. कोलरिजच्या थोरल्या मुलानें, हार्टलीनें, एक चांगला सोटा घेऊन एडिंबरोस जावें व डी क्विन्सीस बडवून काढावें, असें तो आवेशानें म्हणाल्याचें कार्लाइलनें आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. जूलियस हेअर या विद्वान् धर्मोपदेशकानें जानेवारी १८३५ मध्यें ‘ब्रिटिश मॅगझीन’मध्यें डी क्विन्सीवर कडक टीका केली. कन्या सारा हिलाहि दुःख झालें. तरी वडिलांच्या बुद्धिसामर्थ्याचें या लेखकास जें आकलन झालें आहे तें थोड्यांसच झालें असेल, हें कबूल करण्याइतकी तिची वृत्ति समतोल होती. या साऱ्या गदारोळांत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. अफूची गोष्ट मुळांत खरी आहे, हें साउदीस पक्कें माहीत होतें. त्याचा राग खोटें बोलल्याबद्दल नव्हता, बोलल्याबद्दल होता.

हा धुरळा खालीं बसतो न बसतो तोंच कॉटल पुढें आला. ‘लिरिकल बॅलड्स’ छापणारा हा ब्रिस्टलचा सज्जन पुस्तकविक्रेता आतां वृद्ध झाला होता. १८३७ सालीं त्यानें कोलरिजच्या आठवणींचे दोन भाग प्रसिद्ध केले आणि त्यांत १८१४ सालचीं कांहीं पत्रें दिलीं. तीं पत्रें छापूं नयेत म्हणून गिलमन व कोलरिजचे आप्त यांनीं त्यास परोपरीनें विनविलें होतें. परंतु कॉटलजवळ एक असें उत्तर होतें कीं, त्यापुढें कोणाचेंच चालेना. २६ जून १८१४ रोजीं कोलरिजनें ब्रिस्टलच्या जोशिया वेड या मित्रास एक पत्र लिहिलें होतें. त्यांत आपल्या अधोगतीबद्दल अत्यंत पश्चात्ताप व्यक्त करून त्यानें अशी मागणी केली होती कीं, आपल्या मृत्यूनंतर आपल्या दुर्दशेची व तिच्या लज्जास्पद कारणाची संपूर्ण हकीकत, कांहीं एक हातचें न राखतां, जाहीर करावी; म्हणजे या भयंकर उदाहरणानें निदान कोणाचें थोडें तरी कल्याण होईल.

हें पत्र वाचल्यावर सगळ्या वादाचें स्वरूपच पालटतें, असें आम्हांस वाटतें. मित्र म्हणत होते, मृताची अब्रू राखा. मृत स्वतः वीस वर्षांपूर्वीं सांगून गेला होता कीं, माझी अब्रू राखूं नका, दुसऱ्यांचे जीव राखा. त्याची ही इच्छा कितपत पुरी झाली, हें पाहण्यासाठीं १८१४ च्या पत्रव्यवहारांतच थोडें खोल गेलें पाहिजे.

त्या वर्षीं कॉटलला कोलरिजच्या दुःखाचें खरें कारण कळलें. तेव्हां त्यानें त्यास एक कळकळीचें पण कठोर पत्र लिहिलें: देवाची प्रार्थना कर, मन घट्ट कर, ही वस्तु सोड. कोलरिजनें दुसऱ्याच दिवशीं उत्तर पाठविलें. त्याचा आशय असा कीं, माझा रोग बुद्धीचा नाहीं, इच्छाशक्तीचा आहे. ती पार लुळी पडली आहे. मला उठून बळ धर म्हणणें, हें दोन्ही हात लुळे पडलेल्या मनुष्यास हात एकमेकांवर जोरानें चोळ म्हणजे बरा होशील, असें सांगण्यासारखें आहे. तो बिचारा म्हणेल, हात हलत नाहींत हेंच तर माझें दुखणें! हातीं थोडे पैसे असते तर डॉक्टरनें दिल्याखेरीज कांहींच मिळणार नाहीं अशा एखाद्या खाजगी वेड्यांच्या इस्पितळांत आपण स्वतःस कोंडून घेतलें असतें, असेंहि त्यानें लिहिलें. साउदीचें मत याच्या अगदीं उलट होतें. वेदनेचें निमित्त आहे, खरें कारण आवड व चैन हेंच, असें त्यानें कॉटलला स्पष्ट कळविलें. १९१९ मध्यें रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ नाटकांतील सुधाकराची निश्चय करण्याची व तो मोडण्याची तडफड ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस या दोन मतांतील अंतर वेगळें समजावून द्यावयास नको. व्यसन हा दुर्गुण कीं रोग, हा प्रश्न येथें एका रोग्यानेंच स्वच्छ शब्दांत मांडला होता. त्याचें उत्तर समजण्याइतकें वैद्यकशास्त्र तेव्हां पुढें गेलें नव्हतें. आज वैद्यकशास्त्र व्यसनास दीर्घकाळ चालणारा, उपचारांनीं आटोक्यांत येणारा विकार मानतें. इच्छाशक्तीच्या लुळेपणाचें कोलरिजनें केलेलें वर्णन या मताच्या किती जवळ आहे, हें पाहून आश्चर्य वाटतें.

परंतु त्या पत्रांतून लोकांनीं घेतलें काय? कॉटलच्या हातून तीं जशीच्या तशीं बाहेर आलीं नाहींत. त्यानें मजकुरांत फेरफार केले होते, हें पुढें संशोधकांनीं दाखवून दिलें. त्यास हें उदाहरण धर्मोपदेशासाठीं हवें होतें. उलट गिलमननें १८३८ सालीं काढलेल्या चरित्रांत सारा भर वेदनांवर होता. मृत्यूनंतर कोलरिजच्या इच्छेवरून शवपरीक्षा झाली होती व तींत हृदय वाढलेलें आणि छातींत पाणी सांचलेलें आढळलें होतें; त्यामुळें त्याचें दुखणें काल्पनिक नव्हतें, हा आधार त्याच्या जिव्हाळ्याच्या माणसांस मिळाला. या चरित्राचा पहिलाच भाग निघाला, दुसरा कधींच आला नाहीं. त्या भागांत कोलरिजचें असें एक म्हणणें छापलें गेलें कीं, आपण अफू घेतली ती वेदनेपायीं, डी क्विन्सीप्रमाणें सुखासाठीं नव्हे. हें डी क्विन्सीच्या जिव्हारीं लागलें. १८४५ सालीं ‘ब्लॅकवुड्स मॅगझीन’मध्यें त्यानें याचा समाचार घेतला. एकाच खड्ड्यांत पडलेल्या दोघांपैकीं अधिक सभ्यपणानें कोण पडला, याचा हा वाद! त्यांतील एक तर थडग्यांत होता. आणि ज्या घराची अब्रू राखण्यासाठीं एवढी धडपड चालली होती, त्या घरांतील सारा स्वतः दुखण्यापायीं अफू घेत होती.

कोलरिजच्या शेजारीं दुसरें एक उदाहरण ठेवून पाहावें. गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठीं झगडणारा विल्यम विल्बरफोर्स १८३३ च्या जुलैंत वारला. १७८८ मधील मोठ्या दुखण्यापासून तोहि डॉक्टरच्या सल्ल्यानें नित्य अफू घेत असे. त्याच्या मुलांनीं १८३८ सालीं, म्हणजे गिलमनचें पुस्तक निघालें त्याच वर्षीं, वडिलांचें पांच भागांचें चरित्र छापलें. त्यांत ही गोष्ट त्यांनीं लपविली नाहीं. अफू औषध म्हणूनच घेतली व शेवटचीं वीस वर्षें तिची मात्रा वाढविली नाहीं, असा खुलासा केला. कोलरिजच्या वांट्यास आलेलें वादळ विल्बरफोर्सच्या वांट्यास आलें नाहीं. पदार्थ तोच, काळ तोच, आरंभहि दुखण्यांतूनच. फरक होता तो मात्रेचा आणि मनुष्याविषयींच्या लोकांच्या कल्पनेचा. एकाचें आयुष्य पूर्ण झालेल्या कार्यानें भरलेलें, तर दुसऱ्याचें अपुऱ्या राहिलेल्या संकल्पांनीं. लोकांनीं अफूचा न्याय केलाच नाहीं. त्यांनीं माणसांचा न्याय केला व अफूस साक्षीदार म्हणून उभें केलें.

अफूकडे अफू म्हणून पाहण्याची पाळी आली ती वेगळ्याच, रोकड्या कारणानें. १८२८ सालीं मारचा अर्ल हा स्कॉटलंडांतील सरदार वारला. त्याच्या आयुष्याचा विमा उतरलेला होता. तो अफू खात होता असें मृत्यूनंतर उघड झाल्यावर कंपनीनें पैसे देण्याचें नाकारलें व प्रकरण न्यायालयांत गेलें. अफूनें आयुष्य घटतें कीं नाहीं, याची पद्धतशीर चौकशी एडिंबरोच्या डॉक्टर रॉबर्ट क्रिस्टिसननें या निमित्तानें केली. कंपनीनें विमा उतरवितांना अर्लच्या संवयींची पुरेशी चौकशीच केली नव्हती, म्हणून निकाल तिच्याविरुद्ध गेला. कवीच्या मृत्यूनें जो प्रश्न कोणास सुचला नाहीं, तो विम्याच्या रकमेनें सुचविला, हें मनुष्यस्वभावास धरूनच आहे!

आपण आज यापुढें गेलों आहों काय? २१ एप्रिल २०१६ रोजीं अमेरिकन गायक प्रिन्स वारला. मादक पदार्थांपासून दूर राहणारा म्हणून त्याची ख्याति होती. जूनमध्यें शवपरीक्षेचा निष्कर्ष जाहीर झाला कीं, फेंटॅनिल या अफूच्या जातीच्या कृत्रिम द्रव्याच्या अतिमात्रेनें त्यास मृत्यु आला. तेव्हां त्याच्या चाहत्यांचा विश्वास बसेना. येथेंहि मुळाशीं शरीराची वेदनाच होती. २०१८ सालीं सरकारी वकिलानें सांगितलें कीं, त्यानें घेतलेली गोळी नेहमीच्या वेदनाशामक गोळीसारखी दिसणारी बनावट गोळी असावी. ती कोणी पुरविली हें सिद्ध करतां आलें नाहीं व खटलाहि झाला नाहीं. दोन शतकांनंतर बाटलीच्या जागीं गोळी आली, मासिकांच्या जागीं क्षणांत जगभर जाणारी वार्ता आली. लोकांचा पहिला प्रश्न मात्र तोच राहिला: आम्हांस वाटत होता तसा हा मनुष्य नव्हता काय?

आमच्या मतें हा प्रश्नच चुकीचा आहे. कोलरिजच्या मित्रांपैकीं एकानें सत्य सांगितलें, पण हेतूविषयीं कठोर निवाडा देऊन. दुसऱ्यानें सांगितलें, पण उपदेशासाठीं त्यास कात्री लावून. आप्तांनीं प्रेमापोटीं मौन धरण्याचा आग्रह केला. वेडला लिहिलेल्या पत्रांतील मागणी यांपैकीं कोणीच पुरी केली नाहीं. तें पत्र प्रसिद्ध झाल्यावरहि एका पिढीपर्यंत लॉडॅनम मिठासाखरेशेजारीं विकलें गेलें. मृताचें गुपित सांगावें कीं न सांगावें, याची एकच कसोटी आम्हांस दिसते. त्याच बाटलीकडे हात नेणारा जो मनुष्य आज जिवंत आहे, त्यास तें ऐकून लाज वाटून तो अधिक खोल लपेल, कीं धीर येऊन तो डॉक्टरचें दार ठोठावील? दुसरें घडावयाचें असेल, तर निंदा व स्तुति दोन्ही बाजूस सारून ती गोष्ट रोगाची गोष्ट म्हणून सांगितली पाहिजे. कोलरिजनें आपल्या मित्रांपाशीं मागितलें होतें तें याहून अधिक कांहीं नव्हतें.